बांधलेलं विमान वाऱ्याने उलटतं कसं, आणि फ्लाइंग क्लबला नेमकं काय विचारायचं

आधी प्रश्न काय आहे ते थोडक्यात, म्हणजे पुढचं वाचताना संदर्भ लागेल. खारघरचे एक गृहस्थ आहेत, त्यांचा मुलगा घाटावरच्या एका फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, करतोय. मागच्या आठवड्यात संध्याकाळी तिथे वळवाचं वादळ आलं, एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, दोरीने बांधून ठेवलेलं सेसना 152 हे दोन सीटचं छोटं विमान उलटं होऊन पाठीवर पडलं, आणि त्याच वेळी दुसरं एक 152 टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवर चाकांवर चालत, परत येत होतं ते एका पंखावर कलंडलं, प्रॉप (नाकावरचा पंखा) जमिनीला घासला. आतल्या इन्स्ट्रक्टरला आणि स्टुडंटला काही लागलं नाही, ते महत्त्वाचं. क्लबने पालकांना मेसेज टाकला की नैसर्गिक आपत्ती, कोणाचा दोष नाही. यांचं म्हणणं असं की अर्धा टन वजनाची वस्तू, ती पण बांधलेली, वाऱ्याने उलटतेच कशी, आणि हा हलगर्जीपणा असेल तर मुलाला तिथून काढायचं का.

मी एएमई, म्हणजे विमान दुरुस्त करून ते उडायला योग्य आहे अशी सही करणारा इंजिनिअर. सुरुवातीची बरीच वर्षं जुहूला गेली, नंतर ट्रेनिंगच्या छोट्या विमानांवर काम केलं, आता रिटायर होऊन ठाण्यात वर्तकनगरला असतो. त्या क्लबवर त्या दिवशी नेमकं काय झालं ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे दोष कोणाचा हे मी इथे बसून सांगणार नाही आणि जो कोणी सांगेल त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका. पण अशा घटनेत काय काय बघायचं असतं ते नक्की सांगता येईल.

पहिली गोष्ट, ते अर्धा टन वजन डोक्यातून काढून टाका. 152 रिकामं असताना पाचशे किलोच्या आसपास भरतं, टाक्या फुल असल्या तर अजून सत्तर किलो. आता हे विमान बनवलंय कशासाठी, तर साधारण 45-50 नॉटला जमीन सोडायला. 50 नॉट म्हणजे ताशी 93 किलोमीटर. पंखाला हे कळत नाही की इंजिन चालू आहे का बंद, आत पायलट आहे का सीटवर कुशन पडलंय, आपण हवेतून पुढे चाललोय का हवाच आपल्या अंगावर येतेय. त्याच्यावरून 50 नॉटची हवा गेली आणि कोन जुळला की तो उचलणारच. हिशोब करून बघायचा तर 152 च्या पंखाचं क्षेत्रफळ जवळपास 15 चौरस मीटर, मे महिन्यातली गरम पातळ हवा धरली तरी 50 नॉटला उचल साधारण 570 किलोची निघते, म्हणजे टाक्या फुल असलेलं सगळं विमान. अर्थात हा पंख वाऱ्याला चांगल्या कोनात असतानाचा आकडा आहे, उभ्या विमानात कोन कमी असतो म्हणून उचलही कमी, पण एकदा झोताने नाक थोडं वर केलं की कोन वाढतो, कोन वाढला की उचल वाढते, आणि मग ते थांबत नाही.

आणि वाऱ्याचं गणित सरळ चालत नाही, वर्गाने चालतं. 25 नॉटच्या वाऱ्यात जेवढा जोर असतो त्याच्या चौपट 50 ला असतो, दुप्पट नाही. म्हणून एप्रनवरचे लोक फसतात. रोज दुपारी 20-25 नॉट वारा असतो, विमानं नुसती थरथरतात, सगळ्यांना सवय होते, काही होत नाही असं डोक्यात बसतं. मग एक दिवस 50 चा झोत येतो आणि लोक म्हणतात असं कधी झालं नव्हतं.

शिवाय उलटायला अख्खं विमान उचलायची गरजच नसते. वारा बाजूने आला तर वाऱ्याकडचा पंख वर जातो, विमान पलीकडच्या चाकावर आणि नाकाच्या चाकावर तोललं जातं. चाकांमधलं अंतर दोन-अडीच मीटर, पंख मात्र टोकापासून टोकापर्यंत दहा मीटर, म्हणजे तरफ वाऱ्याच्या बाजूची. सेसनाचा पंख वर असतो आणि टोकाकडे किंचित चढता असतो, त्यामुळे एका बाजूचा खालचा भाग वाऱ्याला आयताच मिळतो. एकदा पंख पाच-दहा अंशांनी वर गेला की बाकीचं काम पंखच करतो.

हे फक्त छोट्या विमानांचं आहे असंही समजू नका. 28 मे 2024 ला अमेरिकेत डॅलस फोर्ट वर्थला वादळात उभं बोइंग 737 गेटपासून सरकून फिरलं, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. त्याच्या आधी डिसेंबर 2023 मध्ये ब्यूनस आयर्सच्या शहरातल्या विमानतळावर एक 737 वाऱ्याने वळून शिडीवर आदळलं. ही चाळीस टनांच्या आसपासची विमानं. तुमच्या मुलाचं 152 त्यापुढे काहीच नाही.

आता दोरी. इथे मला जास्त बोलायचंय कारण माझा सगळा अनुभव इथलाच आहे, आणि क्लब पण नेमका इथेच सगळ्यात कंजूषपणा करतात.

"बांधलेलं होतं" हे वाक्य ऐकलं की माझा पुढचा प्रश्न असतो, तुटलं काय? दोरी मधून तुटली, का रिंगजवळ कापली गेली, का गाठ सुटली, का जमिनीतला हुक उपटून आला, का सिमेंटचा ठोकळाच विमानाबरोबर फरफटत गेला. यातलं प्रत्येक उत्तर वेगळ्या माणसाकडे बोट दाखवतं. छोट्या विमानासाठी दोरी साधारण तीन हजार पौंड, म्हणजे 1,360 किलोचा ताण सोसेल अशी असावी असा जुना अमेरिकन सल्ला आहे आणि तो मला कायम पटलेला आहे. पण लोक चांगली दोरी आणतात आणि ती बांधतात कशाला, तर टायरमध्ये काँक्रीट भरून केलेल्या ठोकळ्याला. काँक्रीट घनमीटरला 2,400 किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ठोकळा झाला साधारण 68 किलोचा. दोन माणसं तो ढकलत नेऊ शकतात, तर वारा का नाही नेणार? अशा वेळी दोरी अख्खी राहते, विमान ठोकळ्यासकट जातं, आणि तो ठोकळा शेजारच्या विमानाच्या पंखात घुसतो. जमिनीत नीट गाडलेले, काँक्रीटमध्ये बसवलेले हुक पाहिजेत, सुटे ठोकळे फक्त साध्या दिवसांसाठी.

दोरीतला ढिलेपणा ही दुसरी गोष्ट. मनिला दोर भिजला की आखडतो, म्हणून त्याला एखादा इंच ढील सोडायची पद्धत आहे, नाहीतर पावसात तो विमानालाच खाली खेचतो. पण आजकाल सगळीकडे नायलॉन आहे, नायलॉन ताणला जातो, आणि लोक जुन्या सवयीने त्यालाही मोकळी ढील सोडतात. मग काय होतं, दाव्याला बांधलेला बैल जसा मागे-पुढे होऊन हिसका देतो तसं विमान करतं. सरळ ओढीने जी दोरी तुटणार नाही ती हिसक्याने तुटते. त्यात ती दोरी वर्षभर उन्हात पडलेली, नायलॉन उन्हाने कमजोर होतो, वरून चांगला दिसतो पण पिळून बघितला की आतून भुकटी सुटते. मी तर एप्रिलच्या आधी सगळ्या दोऱ्या बदलून टाकायचो, स्टोअरवाला दरवर्षी भांडायचा, भांडू दे. दोरीचा खर्च त्या पंखावरच्या एका पत्र्याच्या दुरुस्तीएवढाही नसतो.

बांधायचं कुठे तर पंखाखाली रिंग दिलेली असते तिला आणि शेपटीच्या रिंगला, पंखाला आधार देणारी जी तिरकी दांडी असते तिला गुंडाळायचं नाही, दोर तिच्यावर सरकतो आणि दांडीही वाकते. चाकाला चॉक लावायचे ते पुढून-मागून दोन्हीकडून. पण चॉक विमानाला घरंगळू देत नाही एवढंच, वर जाण्यापासून थांबवत नाही, हे पालकांनाच काय कधीकधी हेल्परलाही सांगावं लागतं. आत कंट्रोल लॉक लावलेला पाहिजे, तो एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आणि एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) धरतो. रडर (शेपटीची उभी पट्टी) मात्र सेसनाच्या त्या साध्या लॉकने धरला जात नाही, त्याला बाहेरून वेगळा लॉक लागतो आणि तो लॉक बहुतेक ठिकाणी कुठल्यातरी कपाटात सापडतो.

विमानाचं तोंड कुठे होतं हे पण विचारा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारचा नेहमीचा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून असतो, म्हणून जागेवर सगळी विमानं तिकडे तोंड करून लावतात, आणि ते बरोबरही आहे. पण वादळाचा झोत नेहमीच्या वाऱ्याचं ऐकत नाही, तो वादळ असेल तिकडून येतो, बऱ्याचदा अगदी उलट्या बाजूने. म्हणजे समोरून वारा खायला ठेवलेलं विमान अचानक मागून वारा खातं, शेपटी वर जाते, कंट्रोल सरफेस आपल्या बिजागऱ्यांवर आपटतात. ठाण्यात राहणाऱ्यांनी हे घरी बसून पाहिलेलं असतं. मे महिन्यात संध्याकाळी समुद्राकडून येणारा वारा चालू असतो, बदलापूर-मुरबाडकडे आकाश काळं झालेलं दिसतं, मग एकदम वारा पडतो, पान हलत नाही, घामाने जीव जातो, आणि पाच-दहा मिनिटांत पूर्वेकडून धूळ घेऊन थंड वारा आदळतो. पाऊस त्याच्या नंतर येतो, कधी येतच नाही.

हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा खोलात जातो. वळवाच्या ढगात काय होतं, वरून पाऊस खाली पडायला लागतो, खालची हवा कोरडी आणि तापलेली असते, त्यात थेंब वाटेतच वाळतात, वाळताना हवेतली उष्णता घेतात, हवा थंड आणि जड होते आणि दाणकन खाली येते. जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. ढगाचा तळ जितका उंच आणि खालची हवा जितकी कोरडी तितका हा प्रकार जोरात, म्हणून घाटावर एप्रिल-मेमध्ये पाऊस चार थेंब आणि वारा मात्र झाडं पाडणारा असं दिसतं. हा पसरणारा झोत ढगाच्या पुढे पुढे धावतो, वीस-पंचवीस किलोमीटर पुढे असला तरी मला आश्चर्य वाटत नाही. म्हणजे एप्रनवर उभा माणूस लांब ढग बघतो, म्हणतो अजून अर्धा-पाऊण तास आहे, अजून एक सॉर्टी (उड्डाणाची फेरी) होऊन जाईल, आणि वारा तोपर्यंत दारात आलेला असतो. बहुतेक ठिकाणी लोक पावसाची वाट बघतात. पाऊस म्हणजे वादळ आलं असं त्यांचं गणित. विमानाच्या दृष्टीने पावसाला सुरुवात होते तेव्हा वाईट काळ बऱ्यापैकी होऊन गेलेला असतो.

हा खाली आदळणारा झोत फुजिता नावाच्या शास्त्रज्ञांनी नीट ओळखला, 24 जून 1975 ला न्यूयॉर्कला ईस्टर्न एअरलाइन्सचं 66 नंबरचं विमान उतरताना पडलं त्याच्या अभ्यासातून. चार किलोमीटरपेक्षा छोटा असेल तर त्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात, आयुष्य पाच ते पंधरा मिनिटं. आणि जोर किती असू शकतो, तर 1 ऑगस्ट 1983 ला वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज तळावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं विमान उतरल्यावर काही मिनिटांतच 130 नॉटचा झोत नोंदला गेला. ताशी 240 किलोमीटर. असा झोत तुमच्या क्लबवर आला असेल तर मी म्हणेन की बाबांनो कुठलीही दोरी टिकली नसती, क्लबला माफ करा. 31 मार्च 2011 ला फ्लोरिडात लेकलँडला मोठा एअर शो भरला होता, तिथे वादळाने नीट बांधलेल्या विमानांचाही खच पाडला. म्हणजे नैसर्गिक आपत्ती हे उत्तर कधीकधी खरंच असतं, मी ते नाकारत नाही.

पण मग आजूबाजूला बघा. त्या दिवशी क्लबच्या शेजारच्या गावात किती पत्रे उडाले, झाडं पडली का, विजेचे खांब वाकले का, एप्रनवरच्या बाकीच्या विमानांचं काय झालं. शेजारी तशीच बांधलेली चार विमानं जागेवर उभी असतील आणि एकच उलटलं असेल तर वाऱ्यापेक्षा त्या एका विमानाची दोरी आधी बघावी लागेल. सगळीच हलली असतील तर गोष्ट वेगळी. 13 मे 2024 ची आपल्याकडची संध्याकाळ आठवा, घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून 17 माणसं गेली, वडाळ्याला पार्किंगचा लोखंडी टॉवर कोसळला, मुंबई विमानतळ तासभर बंद होतं आणि विमानं दुसरीकडे वळवली. त्याच वाऱ्यात मुंबई-ठाण्यातली हजारो होर्डिंग जागेवर उभी राहिली. तेव्हा वारा खरा होता, आणि ते एक होर्डिंग 120 फूट बाय 120 फुटांचं होतं हेही खरं होतं. दोन्ही एकत्र बघावं लागतं, नुसतं वाऱ्यावर ढकलून चालत नाही.

दुसऱ्या विमानाचं, म्हणजे टॅक्सी करताना कलंडलेल्याचं, प्रकरण वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर मला त्याची जास्त काळजी वाटते कारण त्यात माणसं होती. जमिनीवर चालताना सेसनाला सगळ्यात वाईट वारा कुठला, तर मागून तिरका येणारा. समोरून तिरका आला तर पायलट वाऱ्याकडच्या बाजूचा एलेरॉन वर ठेवतो म्हणजे तो पंख दबून राहतो. मागून तिरका आला तर उलट, वाऱ्याकडचा एलेरॉन खाली आणि स्टिक पुढे, म्हणजे वारा शेपटीखाली शिरून तिला वर उचलणार नाही. हे पुस्तकात असतं, तोंडी परीक्षेत सगळी पोरं घडाघडा सांगतात. पण टॅक्सीवेवर वळण घेताना वारा दहा सेकंदात समोरून बाजूला आणि बाजूचा मागे येतो, तेवढ्या वेळात हात बदलले नाहीत, वर भीतीने ब्रेक जोरात दाबला किंवा थ्रॉटल एकदम दिला, की विमान नाकाच्या चाकावर आणि एका चाकावर येतं आणि पंखाचं टोक जमिनीला. 152 ला आडव्या वाऱ्याचा जो आकडा दाखवून दिलेला आहे तो 12 नॉट, तोही चांगल्या पायलटच्या हातात. वादळाच्या झोतात तो आकडा केव्हाच मागे पडलेला असतो.

अशा वेळी करायचं काय यावर इन्स्ट्रक्टरांमध्ये दोन मतं असतात. माझं मत असं की टॅक्सी करत पार्किंगपर्यंत पोचायचा हट्ट सोडायचा. जिथे आहे तिथे थांबून तोंड वाऱ्याकडे करायचं, इंजिन चालू ठेवायचं म्हणजे तोंड वाऱ्याकडे धरून ठेवता येतं, रेडिओवर सांगायचं, आणि झोत ओसरेपर्यंत कंट्रोल घट्ट धरून बसायचं. इंजिन बंद करून बाहेर उडी मारणं किंवा मदतीला धावत येऊन पंख धरणं हे मला अजिबात आवडत नाही, वाऱ्यात पंख धरलेला माणूस पंखाबरोबर वर जातो आणि फिरत्या प्रॉपच्या आसपास घाबरलेली माणसं नकोत. पण टॅक्सीवेवर मागे अजून कोणी असेल, जागा उताराची असेल, तर हे सगळं बदलतं, म्हणून सांगतो की त्या इन्स्ट्रक्टरने काय केलं ते त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय बोलू नका. माझा आक्षेप आणखी मागे आहे. तो त्या वेळी टॅक्सीवेवर होताच कशाला? संध्याकाळची सॉर्टी सोडली कोणी, आणि ढग दिसल्यावर परत बोलावलं कधी?

इथपर्यंतचं एवढं लक्षात ठेवा की वजन उपयोगाचं नाही, दोरी एका मर्यादेपर्यंत उपयोगाची, आणि उरलेलं सगळं वारा यायच्या आधीच्या अर्ध्या-पाऊण तासात ठरतं. त्या अर्ध्या तासात कोणीतरी एका माणसाने उठून म्हणायला पाहिजे की आता बस, विमानं उतरवा, हँगरमध्ये (विमानांच्या शेडमध्ये) जातील तेवढी आत घ्या, बाकीची डबल बांधा. हा माणूस कोण हे ठरलेलं असतं का? बऱ्याच क्लबमध्ये नसतं. सीएफआय, म्हणजे मुख्य इन्स्ट्रक्टर, हवेत असतो, इंजिनिअर म्हणतो फ्लाइंग बंद करणं माझं काम नाही, मॅनेजर ऑफिसात फीच्या पावत्या करत असतो, आणि पोरांना तास भरायचे असतात. एक सॉर्टी रद्द म्हणजे क्लबचे पैसे बुडाले, त्यामुळे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

सूचना येत नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. हवामान खात्याचा तीन तासांपुरता नाऊकास्ट येतो, जिल्ह्यानुसार, मोबाईलवर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप वीज कुठे पडतेय ते दाखवतं. मोठ्या विमानतळांसाठी तर जमिनीवर उभ्या विमानांना धोका असेल तेव्हा वेगळी एरोड्रोम वॉर्निंग काढायची आंतरराष्ट्रीय पद्धतच आहे. छोट्या धावपट्टीवर हवामान कार्यालय नसतं हे खरं, पण मग जवळच्या विमानतळाचा रिपोर्ट बघायचा आणि डोळे उघडे ठेवायचे. वारा अचानक पडला, लांब धुळीची भिंत दिसली, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक गरकन फिरला, तापमान उतरलं, की त्या क्षणी नवीन काही सुरू करायचं नाही.

हँगरबद्दल एक, कारण पालक लगेच म्हणतात की मग सगळी आतच ठेवा. जागा असेल तर उत्तम. पण वादळ दहा मिनिटांवर असताना घाईघाईत विमानं आत ढकलली की एकाचा पंख दुसऱ्याच्या शेपटीत जातो, हे मी वाऱ्याच्या नुकसानापेक्षा जास्त वेळा दुरुस्त केलंय. आणि मोठं दार वाऱ्याच्या बाजूला उघडं राहिलं तर वारा आत शिरून छतच उचलतो. वेळ नसेल तर आहे तिथे नीट बांधलेलं बरं.

आता क्लबच्या "कोणाचा दोष नाही" या मेसेजबद्दल. कायद्याच्या भाषेत ॲक्सिडेंट म्हणजे कोणी उड्डाणाच्या इराद्याने विमानात चढल्यापासून सगळे उतरेपर्यंत घडलेली घटना. ही व्याख्या आंतरराष्ट्रीय आहे आणि आपल्याकडेही तीच चालते. त्यामुळे रिकामं उभं असलेलं विमान उलटलं तर ते पूर्ण भंगार झालं तरी त्या व्याख्येत ॲक्सिडेंट धरत नाहीत. विमा कंपनी बघेल, क्लब बघेल. टॅक्सी करणाऱ्या विमानात मात्र माणसं होती, त्याची माहिती वर द्यावीच लागते. त्यातही नुकसान फक्त प्रॉप, पंखाचं टोक एवढंच असेल तर ते ॲक्सिडेंटऐवजी इन्सिडेंटमध्ये जाऊ शकतं. म्हणजे कागदावर सौम्य शब्द दिसला तर क्लबने दडपलं असं लगेच धरू नका. आपल्याकडे चौकशीसाठी एएआयबी (विमान अपघात तपास ब्यूरो) आहे, 2012 पासून, त्यांचे रिपोर्ट वेबसाइटवर वाचायला मिळतात, आणि त्या चौकशीचा उद्देश दोषी शोधणं नसतो, पुन्हा होऊ नये हा असतो. तुम्हाला दोषी पाहिजे असेल तर तिथे निराशा होईल.

मग मुलाला काढायचं का? या एका घटनेवरून मी काढणार नाही. मी एखाद्या रविवारी क्लबवर जाईन, भांडायला नाही, चहा प्यायला. खारघरवरून तुम्हाला आता नवी मुंबईचा विमानतळ जवळ पडतो, रोज वरून मोठी विमानं जाताना दिसतात, तिथली शिस्त बघून छोट्या क्लबकडून तशीच अपेक्षा कराल, ती चूक करू नका, माणसं चारच असतात. पण त्या चारांना एक विचारा, की त्या दिवशी फ्लाइंग थांबवा असं कोण म्हणालं आणि किती वाजता. वेळ आणि नाव लगेच आलं तर क्लब ठीक आहे, भले निर्णय उशिरा झाला असेल. सगळे एकमेकांकडे बघायला लागले तर समजून जा. तुटलेली दोरी बघायला मागा, जपून ठेवलीय का ते बघा, चांगला इंजिनिअर ती फेकत नाही. बाकीच्या विमानांच्या दोऱ्या त्यानंतर बदलल्या का ते तर एप्रनवर चालत गेलात तरी दिसेल.

आणि मुलाला सांगा की ते टॅक्सीवालं 152 परत लाइनवर आलं की उडायच्या आधी इंजिनचं लॉगबुक उघडून बघायचं. प्रॉप जमिनीला लागला म्हणजे नुसता प्रॉप बदलून भागत नाही, धक्का क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे इंजिनमधल्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत, जातो. 152 ला लायकमिंगचं इंजिन असतं आणि त्या कंपनीचं सांगणं स्पष्ट आहे, प्रॉपला पाती घासून सरळ करण्यापलीकडची दुरुस्ती लागत असेल तर इंजिन चालू असो वा बंद, तो प्रॉप स्ट्राइकच, आणि इंजिन उघडून तपासायचं. म्हणजे जे विमान बंद इंजिनाने पाठीवर पडलं त्यालाही हे लागू होतं, प्रॉप वाकला असेल तर. यात दिवस जातात, पैसे जातात, क्लबला घाई असते, वरून रंग मारलेला नवा प्रॉप बघून पोरं खूश होतात. शिवाय शेजारी जी विमानं उलटली नाहीत, नुसती हिसके खाऊन उभी राहिली, त्यांच्या एलेरॉन-एलिव्हेटरच्या बिजागऱ्या, रडरचे स्टॉप, पंखाच्या रिंगभोवतीचा पत्रा हे सगळं तपासून सही झालेली असायला पाहिजे. वादळानंतरच्या तारखेची ती नोंद नसेल तर त्या विमानात बसायचं नाही, सीएफआयला सरळ सांगायचं, तो चिडला तरी चालेल.

दोरीचा फोटो मिळाला तर इथे टाका, कुठे आणि कशी तुटलीय ते बघून बरंच सांगता येईल.